एचिगो-त्सुमारीचा कलामहोत्सव : एका सोलापूरकराचे परीक्षण

जपानच्या नीगाता प्रांतातील तोकामाची हे शहर आणि त्सुनान हे त्याच्या शेजारचे लहान नगर मिळून सुमारे ७६० चौरस किलोमीटरचा जो डोंगराळ मुलूख होतो, त्यात दर तीन वर्षांनी ‘एचिगो-त्सुमारी आर्ट ट्रायेनाले’ भरतो. २०२४ च्या हंगामात तो पाहून आल्यापासून सोलापुरातील परिचित मला एकच प्रश्न विचारत आहेत, की एवढा खर्च करून तिथे जाण्यासारखे आहे काय. विचारणाऱ्यांत शाळांमधील कलाशिक्षक आहेत, वास्तुकलेचे विद्यार्थी आहेत आणि जपानची सहल ठरवताना यादीत आणखी एक ठिकाण घालू पाहणारी कुटुंबेही आहेत. पहिल्या दोघांना मी निःशंकपणे ‘जा’ असे सांगतो. तिसऱ्यांनी मात्र आधी हे परीक्षण पूर्ण वाचावे, कारण या महोत्सवाचे मोठेपण आणि त्याची गैरसोय ही दोन्ही एकाच गोष्टीतून आलेली आहेत, आणि ज्याला गैरसोय नको त्याच्या वाट्याला मोठेपणही फारसे येत नाही.

एक मुख्य इमारत, तिचे प्रवेशद्वार आणि आत ओळीने मांडलेली चित्रे असा प्रकार येथे नाही. २०२४ मध्ये तीनशेहून अधिक कलाकृती होत्या. त्यांतील सुमारे दोनशे कायमस्वरूपी असून त्या भातखाचरांच्या बांधांवर, नदीकाठी, देवळांभोवतीच्या झाडीत, बंद पडलेल्या शाळांत आणि ओस पडलेल्या घरांत विखुरलेल्या आहेत. एकीपासून दुसरीपर्यंत जाण्यास कधी पाच मिनिटे लागतात, तर कधी घाटरस्त्याने पाऊण तास जातो. हे विखुरलेपण मुद्दाम राखलेले आहे. महोत्सवाचे संचालक फ्राम कितागावा हे याच प्रांतात १९४६ मध्ये जन्मले. पाहणाऱ्याने वस्तीवस्तीतून हिंडावे आणि कलाकृतीने स्वतःपेक्षा भोवतालच्या जमिनीकडे त्याचे लक्ष वळवावे, हे सूत्र त्यांनी आरंभापासून धरलेले आहे. सोलापूरच्या वाचकाला हे समजावून सांगण्यास फारसे कष्ट पडू नयेत. सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापन केलेल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा संक्रांतीच्या यात्रेत ज्याने पायी केली आहे, त्याला ठाऊक असते की प्रत्येक लिंगापाशी थांबणे जितके महत्त्वाचे, तितकेच मधले अंतर चालणेही. तिकडे प्रेक्षकाच्या हाती प्रवेशपत्रिका म्हणून एक छोटी पुस्तिका देतात आणि प्रत्येक ठिकाणी तीवर शिक्का उमटवता येतो. लहान मुलांपासून सत्तरीतल्या आजोबांपर्यंत सगळे ते शिक्के ज्या चिकाटीने गोळा करत होते, ती पाहून कलारसिक आणि यात्रेकरू यांत फार अंतर नसावे असे वाटले.

या मुलखाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. येथे हिवाळ्यात तीन-चार मीटर बर्फ साचते. डोंगर उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे काढून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेती केली, परंतु युद्धोत्तर काळात तरुण मंडळी तोक्योकडे गेली आणि मागे उरलेल्या वस्त्या म्हाताऱ्या होत गेल्या. या परिस्थितीवर उपाय म्हणून १९९० च्या दशकात कलामहोत्सवाची कल्पना पुढे आली, तेव्हा सार्वजनिक पैसा समकालीन कलेवर खर्च करण्यास स्थानिक लोकप्रतिनिधींचा आणि रहिवाशांचाही मोठा विरोध होता. गावोगाव बैठका घेऊन, समजुती काढून अखेर २००० मध्ये पहिला महोत्सव भरला आणि त्याला सुमारे १ लाख ६० हजार लोक आले. करोनामुळे एक वर्ष पुढे ढकलून २०२२ मध्ये भरवलेल्या आठव्या महोत्सवात हीच संख्या साडेपाच लाखांच्या वर गेली होती. मी पाहिला तो नववा.

परीक्षणाचा आरंभ मात्सुदाई येथून करणे योग्य, कारण महोत्सवाचा गाभा मला तेथेच सापडला. स्थानकातून बाहेर पडताच ‘नोबुताई’ नावाची, जमिनीपासून पायांवर उचललेली पांढरी इमारत दिसते. नेदरलँड्समधील एमव्हीआरडीव्ही या वास्तुरचनाकारांनी ती आखली असून ती २००३ मध्ये खुली झाली. तिच्यातील सज्जावर उभे राहिले की नदीपलीकडच्या उतारावरील भातखाचरांत निळ्या-पिवळ्या सपाट मनुष्याकृती दिसतात. कोणी बैल हाकतो आहे, कोणी बी टाकतो आहे, कोणी लावणी करतो आहे, कोणी कापणी. आणि सज्जाच्या चौकटीत टांगलेली अक्षरे बरोबर त्या आकृतींच्या वर येऊन बसतात, जेणेकरून शेतीच्या कामाचे वर्णन करणारा काव्यमय मजकूर आणि प्रत्यक्ष शेत एकाच नजरेत वाचता यावे. इल्या आणि एमिलिया कबाकोव या दाम्पत्याची ‘भातखाचरे’ ही २००० सालची कलाकृती. सोव्हिएत काळात मॉस्कोत लपूनछपून काम केलेल्या आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या कलावंताने एका अनोळखी जपानी शेतकऱ्याचे वर्षभराचे काम इतक्या आदराने मांडावे, हेच मुळात विशेष आहे.

परंतु ही कलाकृती मोठी ठरते ती तिच्या मागील व्यवहारामुळे. ज्या शेतकऱ्याची ही जमीन, त्याने शेती सोडण्याचे जवळपास ठरवले होते, आणि वाडवडिलांच्या खाचरांत परक्याने पुतळे उभे करावेत हे त्याला आधी मान्य नव्हते. कबाकोव यांचे आराखडे पाहिल्यानंतर, आपल्याच श्रमाचा हा अभ्यास आहे हे त्याला पटले, त्याने होकार दिला आणि पुढची काही वर्षे स्वतः ती खाचरे कसली. तो थकल्यावर हे काम महोत्सवाच्या कार्यकर्त्यांनी उचलले. याचा अर्थ असा, की या चित्राची पार्श्वभूमी दरवर्षी कोणीतरी चिखलात उतरून नव्याने तयार करावी लागते. एक वर्ष लावणी चुकली, तर आकृती तशाच राहतील, पण कलाकृती उरणार नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मी तेथे होतो तेव्हा काही खाचरांत कापणी झालेली होती आणि धसकटांमध्ये कापणी करणारी आकृती उभी होती. जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसावर ज्वारी काढणाऱ्या जिल्ह्यातून गेलेल्या माणसाला पाण्याने भरलेली ती खाचरे अनोळखी वाटतात, पण ‘हे रान आता कोण करणार’ ही शेतकऱ्याची विवंचना मुळीच अनोळखी वाटत नाही. इल्या कबाकोव २०२३ मध्ये निवर्तले. त्यांच्या आणखीही काही रचना मात्सुदाईत आहेत, त्यांत २०२१ मध्ये उभारलेले सहिष्णुतेचे स्मारक आहे. तीही पाहावीत, मात्र त्यांतील एकही या खाचरांच्या बरोबरीची नाही.

बंद शाळांमधील कलाकृतींकडे मी अधिक सावधपणे गेलो, कारण ओसाड वास्तूत दिवे आणि सावल्या मांडून गहिवर उत्पन्न करणे ही समकालीन कलेतील बरीच सोपी युक्ती झाली आहे. क्रिस्तियान बोल्तान्स्की आणि प्रकाशयोजनाकार जाँ कालमान यांनी २००६ मध्ये मात्सुनोयामा भागातील एका शाळेत केलेली ‘शेवटचा वर्ग’ ही रचना त्या युक्तीच्या अगदी काठावरून जाते. व्यायामशाळेत पाऊल टाकताच बाहेरच्या उन्हातून आलेल्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पायाखाली पेंढा आणि त्याचा वास, हळूहळू हेलकावे घेणारे दिव्यांचे गोळे, फिरणारे पंखे. वरच्या मजल्यावर हृदयाचे ठोके घुमत असतात. रचना परिणामकारक आहे यात शंका नाही, परंतु तेथे मला प्रत्यक्ष त्या शाळेविषयी, तेथे शिकलेल्या मुलांविषयी काही कळले असे म्हणता येणार नाही. बोल्तान्स्की जगभर ज्या मृत्यूविषयी बोलत आले, तोच मृत्यू येथेही आहे. शाळा त्यांना निमित्त म्हणून उपयोगी पडली.

याच्या उलट सानादा या वस्तीतील शाळा. चित्रपुस्तकांचे कलाकार सेइझो ताशिमा यांनी २००९ मध्ये तिचे चित्रपुस्तक-संग्रहालय केले, म्हणजे पानांऐवजी वर्गावर्गातून चालत वाचायचे पुस्तक. २००५ मध्ये शाळा बंद झाली तेव्हा पटावर उरलेली शेवटची तीन मुले हीच या गोष्टीतील पात्रे आहेत. समुद्रातून वाहून आलेली लाकडे, बिया आणि फळांची कवचे रंगवून केलेल्या आकृती दोऱ्यांवर लटकत जिन्यांतून, फळ्यांवरून, छतापर्यंत गेलेल्या आहेत. रंग भडक आहेत, मांडणी दाटीवाटीची आहे आणि सुरुची जपणाऱ्या समीक्षकाला ती बाळबोध वाटण्याची शक्यता आहे, पण तेथे आलेली मुले मोठ्याने ओरडत धावत होती आणि त्यांना कोणी गप्प करत नव्हते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार आपल्या राज्य सरकारने २०२३ मध्ये मांडला, त्यावेळी सोलापूर जिल्ह्यातील वस्तीशाळांवरून किती वाद झाले हे आपल्याला आठवत असेल. शाळा बंद झाल्यावर त्या इमारतीचे काय करायचे, हा प्रश्न मात्र त्या वादात कोठे ऐकू आला नव्हता. सानादातील इमारतीत अजूनही मुलांचा गोंगाट असतो, आणि दोन शाळांपैकी एकच पाहण्याइतका वेळ असेल, तर माझे मत स्पष्टपणे हिला आहे.

ओस घरांचा प्रकार असाच संमिश्र आहे. जुनिची कुराकाके आणि निहोन विद्यापीठाच्या कलाशाखेचे विद्यार्थी यांनी एका जुन्या लाकडी घराच्या भिंती, खांब, तुळया, जमीन असा प्रत्येक पृष्ठभाग पटाशीने कोरून काढला. ‘कात टाकणारे घर’ या नावाने ते २००६ पासून खुले आहे. कोरीवकामात कोठेही नक्षी नाही, फक्त पटाशीचे लाखो घाव आहेत, आणि चुलीच्या धुराने काळवंडलेल्या लाकडाखालून आलेला उजळ रंग संपूर्ण घरभर खवल्यांसारखा पसरलेला आहे. हात फिरवण्याचा मोह आवरत नाही. श्रम आणि वेळ यांखेरीज त्यात दुसरे द्रव्य नाही, आणि ते पुरते. मरीना अब्रामोविच यांचे ‘स्वप्नघर’ मला या तुलनेत कृत्रिम वाटले. रंगीत काचांच्या खोल्या, शवपेटीसारखे पलंग, निजताना घालायचा विशेष पोशाख आणि सकाळी स्वप्न लिहून ठेवायची वही ही सामग्री दिवसा पाहून जाणाऱ्याच्या दृष्टीने नाटकाच्या रिकाम्या रंगमंचासारखी राहते. तेथे रात्र काढणाऱ्याचे मत वेगळे असू शकेल. जेम्स टरेल यांचे ‘प्रकाशाचे घर’ मात्र दिवसाही आपले म्हणणे पुरेसे सांगते. त्या भागातील जुन्या घरांच्या धर्तीवर, बर्फाच्या वर राहील इतक्या उंचीवर बांधलेल्या या घरातील एका खोलीचे छप्पर सरकते, आणि चटईवर उताणे पडून आकाशाचा एक चौकोन पाहायचा, एवढाच कार्यक्रम. मुक्कामाला राहिल्यास सूर्यास्ताच्या आणि पहाटेच्या वेळी छताच्या कडेचे दिवे रंग बदलत जातात आणि त्यांच्यामुळे आकाशाचाही रंग बदलल्यासारखा भासतो. त्यासाठी कित्येक महिने आधी आरक्षण करावे लागते आणि घर अनोळखी कुटुंबांबरोबर वाटून घ्यावे लागते. पाऊस असल्यास छप्पर उघडत नाही, हेही लक्षात ठेवावे.

आता तोकामाची शहराविषयी, आणि येथे मी थोडा रेंगाळणार आहे. हे शहर विणकरांचे. पूर्वी बर्फात अडकलेल्या महिन्यांत घरोघरी माग चालत आणि पीळ दिलेल्या धाग्यांचे, रॅमी या वनस्पतीच्या तंतूंपासूनचे सुरकुतीदार कापड विणून ते वसंतात बर्फावर पसरून उजळवले जाई. या परिसरातील रॅमीच्या कापडाची ही विद्या युनेस्कोने २००९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पुढे रेशमी किमोनोचा मोठा उद्योग उभा राहिला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची भरभराट झाली, आणि किमोनो नेसणेच कमी झाल्यावर तो ओसरला. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या एकामागून एक इतिहासजमा झालेल्या आणि यंत्रमागावरच्या चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही गिऱ्हाईक शोधावे लागणाऱ्या शहरातून आलेल्या माणसाने ही हकिकत अलिप्तपणे वाचावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

शहरातील ‘मोनेट’ या समकालीन कला संग्रहालयात, म्हणजे हिरोशी हारा यांनी मधोमध पाणी ठेवून आखलेल्या चौरस इमारतीत, रियोता कुवाकुबो यांची ‘लॉस्ट’ या मालिकेतील सहावी रचना आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत जमिनीवर रूळ मांडलेले आहेत, त्यांवरून दिवा बसवलेली एक खेळण्यातली आगगाडी अतिशय सावकाश जाते, आणि रुळांच्या कडेला ठेवलेल्या जुन्या वस्तूंच्या सावल्या भिंतींवर वाढत जाऊन प्रेक्षकाच्या डोक्यावरून निघून जातात. या वस्तू स्थानिक लोकजीवनातल्या आहेत आणि त्यांत विणकामाची अवजारे आहेत. फणी, कांड्या, दोरे गुंडाळण्याची चौकट यांची सावली आधी झाडांच्या रांगेसारखी, मग पुलासारखी, मग एखाद्या मोठ्या शहरासारखी दिसते. गाडी शेवटाला जाते आणि तोच मार्ग वेगाने उलटा कापत परत येते, तेव्हा एवढ्या मेहनतीने उभे राहिलेले शहर क्षणात गोळा होते. मी ही रचना पुन्हा पुन्हा पाहिली. आमच्याकडे माग बंद झाल्यावर फण्या आणि कांड्या माळ्यावर जातात किंवा भंगारात, आणि ज्याने त्यांवर आयुष्य काढले तोही त्यांकडे पुन्हा पाहत नाही. येथे त्या वस्तूंबद्दल एक शब्दही उच्चारलेला नाही, हळहळ नाही, माहितीफलकाची गर्दी नाही. फक्त उजेड त्यांच्या जवळून नेला आहे. संपूर्ण महोत्सवात मला सर्वांत आवडलेली कलाकृती कोणती, असे कोणी विचारले तर कबाकोव यांच्या खाचरांआधी मी हिचे नाव घेईन, आणि त्यात सोलापूरचा पक्षपात आहे हे मान्य करीन.

विणकामाचा हाच धागा जेवणाच्या ताटातही सापडतो. ‘हेगी सोबा’ ही तेथील प्रसिद्ध शेवई, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या थंड लडी, लाकडी तबकात सुताच्या लडीसारख्याच वळवून मांडतात. पीठ एकजीव होण्यासाठी त्यात ‘फुनोरी’ हे समुद्रशेवाळ घालतात, आणि हे शेवाळ या गावात पूर्वीपासून मिळत असे ते सुताला खळ देण्यासाठी. मागासाठी आणलेली वस्तू स्वयंपाकघरात शिरली आणि माग थांबले तरी तेथेच राहिली. शेवयांना जो किंचित करकरीतपणा येतो तो तिच्यामुळे. चव सौम्य आहे. सोलापुरी जिभेला ती पहिल्या घासाला काहीशी पुचाट वाटेल, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा खावीशी वाटते.

महोत्सवातील ज्या कलाकृतींची छायाचित्रे आपल्याकडे सर्वांत जास्त फिरतात, त्यांच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. कियोत्सु दरीतील ७५० मीटर लांबीचा बोगदा मुळात १९९६ मध्ये पर्यटकांना सुरक्षितपणे दरी पाहता यावी म्हणून उघडला. चिनी वास्तुरचनाकार मा यानसोंग यांच्या संस्थेने २०१८ मध्ये त्याला ‘प्रकाशाचा बोगदा’ हे रूप दिले. शेवटच्या टोकाला जमिनीवर उथळ पाणी आणि भिंतींवर चकचकीत पत्रा असल्यामुळे दरीचे अर्धवर्तुळ प्रतिबिंबासह पूर्ण वर्तुळ होते. दृश्य सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु ते पाहण्यासाठी रांगेत उभे राहायचे, पाण्याच्या कडेने पाय भिजू न देता मधोमध जायचे, मागचा माणूस खोळंबलेला असताना सावलीसारखा आपला फोटो काढून घ्यायचा आणि परत फिरायचे, असा तेथील क्रम पडून गेला आहे. समोर उभे असलेले स्तंभाकार कातळ, जे या दरीचे खरे वैभव, त्यांकडे बहुतेकांची पाठ असते. मोनेटच्या मधल्या तळ्यात लिआंद्रो एर्लिच यांनी रंगवलेले प्रतिबिंबही असेच, वरच्या मजल्यावरील एका ठराविक जागेवरून जुळणारे. क्षणभर नवल वाटते आणि संपते. यायोई कुसामा यांचे मात्सुदाईतील प्रचंड ठिपकेदार फूल मला इतके खटकले नाही, कारण ते निदान गंभीरतेचा आव आणत नाही. या तिन्ही रचना दुसऱ्या कोणत्याही देशात, कोणत्याही संग्रहालयाच्या अंगणात नेऊन ठेवल्या तरी त्यांचे काही बिघडणार नाही, आणि माझ्या लेखी हीच त्यांची उणीव आहे.

महोत्सवाच्या नकाशावर शोधूनही चटकन सापडत नाही, पण मराठी प्रवाशाने अवश्य जावे असे एक ठिकाण तोकामाचीच्या डोंगरात आहे, ते म्हणजे मिथिला संग्रहालय. ते महोत्सवाहून बरेच जुने आहे. तोकियो हासेगावा यांनी १९८२ मध्ये एका बंद शाळेत ते सुरू केले. मधुबनी चित्रांचा भारताबाहेरील मोठा संग्रह तेथे आहे, गंगादेवींनी तेथे राहून चित्रे काढली, आणि आपल्या डहाणू भागातील जिव्या सोमा म्हसे यांच्या वारली चित्रांनाही तेथे जागा मिळाली. गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचा २००१ मध्ये याच ठिकाणी वास्तव्यास असताना मृत्यू झाला, ती दुःखद घटनाही या वास्तूच्या इतिहासाचा भाग आहे आणि ती टाळून या संग्रहाबद्दल लिहिता येत नाही.

या सगळ्याने गावे वाचली का, हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक परीक्षणात यायला हवा. लोकसंख्येच्या आकड्यांतून तसे दिसत नाही. २०२० च्या जनगणनेत तोकामाची शहराची, म्हणजे विलीन झालेल्या सर्व गावांसह, लोकसंख्या पन्नास हजारांच्या किंचित खाली आली होती आणि ती उतरतीच आहे. तथापि जे उभे राहिले तेही खोटे नाही. शहरातील लोकांनी वर्गणी भरून खाचरे दत्तक घ्यायची आणि महोत्सवाच्या संस्थेने ती कसायची, अशी योजना मात्सुदाईत चालते. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या महिला फुटबॉल संघातील खेळाडू या भागात राहायला येतात, सराव करतात आणि उरलेल्या वेळात हीच उतारावरची भातशेती करतात. उबुसुना या १९२४ मधील गवती छपराच्या घरात कुंभारकलावंतांनी घडवलेल्या ताटवाट्यांतून गावातील स्त्रिया जेवण वाढतात, आणि जेवणाचे कौतुक केले की त्या भाजी कोणाच्या परसातली तेही सांगतात, असे सोबत आलेल्या भाचीने मला भाषांतर करून ऐकवले. कोहेबी-ताई या स्वयंसेवकांच्या तुकडीत महाविद्यालयीन मुलांबरोबर निवृत्त माणसेही होती. आपल्याकडे कलामहोत्सव म्हटला की उद्घाटनाचा मंडप आणि समारोपाचे सत्कार यांवर निम्मा निधी जातो. तिकडे तो गवत कापण्यावर, छपरावरचे बर्फ काढण्यावर आणि बांध दुरुस्त करण्यावर जात असावा, असे प्रत्येक ठिकाणची निगा पाहून वाटत होते.

व्यवहाराच्या गोष्टी. २०२४ मध्ये महोत्सव १३ जुलै ते १० नोव्हेंबर या काळात चालला आणि मंगळवार-बुधवार बंद असे. प्रौढांसाठी पुस्तिकेची किंमत ४,५०० येन, म्हणजे आपले अडीच हजार रुपयांच्या आसपास होती, आणि तीत बहुतेक सर्व ठिकाणी एकदा प्रवेश मिळत असे. एवढ्या सामग्रीला ही किंमत माफक होती. खरा खर्च राहण्याचा आणि वाहनाचा. तोक्योहून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने एचिगो-युझावा आणि तेथून होकुहोकु मार्गाच्या लहान गाडीने तोकामाची किंवा मात्सुदाई, हा प्रवास सुखाचा आहे, पण पुढे वाहनावाचून चालत नाही. मार्गदर्शकासह बसफेऱ्या निघतात, निवेदन मात्र प्रामुख्याने जपानी भाषेत असते. आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो आणि तिकडेही वाहने डावीकडूनच जातात, म्हणून दोघे-तिघे मिळून गाडी भाड्याने घेणे सर्वांत उत्तम. रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत, दिवस मावळल्यावर डोंगरात गाडी चालवण्याचे टाळावे. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो आणि चढ पुष्कळ, तेव्हा वडीलधाऱ्यांना बरोबर न्यायचे तर ऑक्टोबर निवडावा. शाकाहारी मंडळींची पंचाईत होते, कारण वरवर भाजीचे दिसणारे पदार्थ आणि सोब्याबरोबरचे कालवणही माशाच्या अर्कावर केलेले असते. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी या कामी जितकी उपयोगी पडते तितके दुसरे काहीही पडत नाही.

ज्या कुटुंबांना एवढे हिंडणे नको आहे, त्यांनी कितागावांच्याच संचालनाखाली २०१० पासून सेतोउची समुद्रातील बेटांवर भरणारा त्रैवार्षिक महोत्सव निवडावा. तेथील नाओशिमा बेटावर तादाओ आंदो यांच्या वास्तू आहेत, बोटींची सोय नेमकी आहे आणि एका दिवसात पुष्कळ पाहून होते. एचिगो-त्सुमारीत ते होत नाही. तरीही कोणाच्या हाती तेथे एकच दिवस असेल, तर त्याने सकाळी मात्सुदाईत उतरून कबाकोव यांची खाचरे सज्जावरून पाहावीत आणि मग पूल ओलांडून जवळूनही पाहावीत, दुपारी सानादाच्या शाळेत जावे, संध्याकाळी संग्रहालय बंद होण्यापूर्वी तोकामाचीत पोचून त्या अंधाऱ्या खोलीतील आगगाडीची निदान दोन फेऱ्यांपर्यंत वाट पाहावी, आणि बोगदा सोडून द्यावा.